घट

मिश्रणाचं पहिलं गणित दुधात पाणी घालण्याचं होतं.
मागच्या बाकावरून सुकुमार म्हणाला,
सर, गंगावेशीत असलं चालत न्हाई,
आमच्यात म्हशी गिऱ्हाइकासमोर पिळत्यात.
राजारामपुरीतला तो अख्खा दुसरा मजला हसला.
हेरवाडकर सर हसले नाहीत. घड्याळ दाखवलं:
एका गणिताला नव्वद सेकंद,
त्यातले बारा तुम्ही म्हशीवर घालवले.

शेवटची बस साडेनऊची.
खिडकीच्या काचेवर मी बोटानं गुणाकार करते.
पट्टणकोडोलीच्या फाट्याला कंडक्टर दिवे घालवतो
आणि अठराचा पाढा अंधारातच पुढं जातो, हुपरीपर्यंत.

घरी भट्टी अजून गरम.
अप्पा मुशीत सवागी टाकतात, हिरवट ज्वाळ उठते.
आई घुंगरं ओवत बसलेली, शेकड्यावर मजुरी,
ओठ हलताहेत, मोजणं चुकू नये म्हणून
ती माझ्याशी बोलत नाही.
मी दूध-पाणी खोडून मोठ्यानं वाचलं:
ऐंशी टंच चांदी आणि पन्नास टंच,
साठ टंच हवी, तर प्रमाण किती?
मी कागद ओढेपर्यंत अप्पा बोलले, एकास दोन.
मुशीवरची नजर काढली नव्हती.
चार सेकंद.
मग म्हणाले, पण घट धरलीस काय?

पुस्तकात घट नसते.
पुस्तकात जेवढं ओतलं तेवढंच निघतं,
एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो,
आणि कुणाच्या बोटाला चटका बसत नाही.
अप्पांच्या वहीत शेवटचा रकाना लाल पेनाचा:
धुरात गेली. मुशीला चिकटली.
कानशीत अडकली.
कुठं गेली ठाऊक नाही.
दिवाळीआधी आम्ही फरशी झाडतो
आणि झारेकरी येऊन ती माती विकत घेतो,
पैसे देऊन, आभार मानून.

माझ्या दोन वर्षांची माती कोण घेईल?
पहिल्या खेपेला एक्क्याऐंशी पर्सेंटाइल.
पतसंस्थेतली नोकरी सोडली, ती एक घट.
सुनंदिनीच्या हळदीला गेले नाही, मॉक होती;
ती अजून बोलत नाही.
चष्म्याचा नंबर.
मावशीनं आणलेलं सांगलीचं स्थळ गेलं,
ते घटीत धरायचं की नफ्यात
हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.
सुकुमार जूनमध्येच क्लास सोडून गोठ्यात गेला.
फोनवर म्हणतो, निकाल कसाबी लागूंदे,
कट्ट्यावर ये, तुझा पेला राखून ठेवलाय.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार.
उसाच्या ट्रॉल्यांमागं अप्पांची स्कूटर,
कसबा बावड्यात मळीचा वास,
मी ओढणी नाकाशी धरून सूत्रं म्हणत होते.
गेटवरच्या बाई माझ्या पायांकडं बघून म्हणाल्या,
धातूचं काही चालणार नाही.
बारावीला पास झाले तेव्हाचे पैंजण.
अप्पांनीच केलेले. झाळ कुठं मारलीय
ते शोधून दाखव, म्हणाले होते. सापडली नव्हती.
सात वर्षांत पहिल्यांदा काढले.
अप्पांनी तळहातावर तोलले,
एकदा, मग हात बदलून पुन्हा.
सव्वा ग्रॅम झिजलंय, म्हणाले.
सांडलं असणार. बसमधे, जिन्यावर, कुठंकुठं.
तक्रार नव्हती ती.
रकाना भरत होते.

मी आत गेले. पावलांचा आवाज येत नव्हता,
त्यामुळं दुसरंच कुणीतरी चाललंय असं वाटलं.
चौतीस नंबरचा संगणक.
पहिला उतारा नॉर्वेतल्या दीपगृहांवर होता.